सायकलचा मागचा दिवा: मागून येणाऱ्याच्या नजरेने कसा निवडायचा

सायकल चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. पुढचा दिवा कमी पडत असेल तर पहिल्याच खड्ड्यात कळतं. मागचा विझला, वाकडा झाला, जॅकेटखाली गेला, तरी आपण निवांत पेडल मारत राहतो. म्हणून दिवा हातात घेऊन, डोळ्यांसमोर पेटवून तो किती लख्ख आहे हे ठरवण्यात अर्थ नाही. हातभर अंतरावर कुठलाही एलईडी डोळे दिपवतो. आपल्याला मत हवंय ते शंभर-दोनशे मीटर मागून गाडी चालवत येणाऱ्या माणसाचं. खालची प्रत्येक पायरी त्याच्या जागी उभं राहून वाचा.

आधी थोडा हिशेब. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाने काहीतरी पाहिलं, ते काय आहे हे ओळखलं आणि पाय ब्रेकवर नेला, याला दीड सेकंद धरला तरी तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते, आणि ब्रेक तर आत्ता कुठे लागतोय. गडद कपड्यातला, दिवा नसलेला सायकलस्वार हेडलाइटच्या खालच्या झोतात जेमतेम पन्नासेक मीटरवरून दिसतो. उरलेल्या सतरा मीटरमध्ये सगळं निभवायचं. हेच अंतर चांगल्या दिव्याने दोनशे मीटर झालं, तर चालकाला वेग कमी करायला, बाजूला सरकायला, समोरून कोणी येतंय का हे पाहायला भरपूर वेळ मिळतो. आपण दिव्यासाठी पैसे मोजतो ते हा वेळ मिळवण्यासाठी.

पहिली पायरी: दिवसा की रात्री, हे ठरवा

बहुतेक नवखे हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. दिवा म्हणजे अंधाराची वस्तू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दिवसासाठीचा दिवा आणि रात्रीसाठीचा दिवा यांची कामं इतकी वेगळी आहेत, की एकाच प्रखरतेत दोन्ही साधत नाहीत.

मोटारींचंच उदाहरण घ्या. त्यांच्या मागच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम बऱ्याच देशांत पाळला जातो, त्यानुसार रात्री सतत पेटणाऱ्या साध्या टेललाइटची तीव्रता किमान ४ कॅन्डेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) असली तरी चालते. ब्रेकलाइटला मात्र किमान ६० कॅन्डेला लागतात, कारण तो भर उन्हातही दिसायला हवा. काळोखात लाल ठिपका छोटा असला तरी उठून दिसतो. दुपारी त्याच ठिपक्याला सूर्याशी, चकाकणाऱ्या काचांशी आणि तापलेल्या रस्त्याशी स्पर्धा करावी लागते.

तुम्ही फक्त संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे निघत असाल, तर मध्यम दिवा पुरेसा आहे. माझ्या मते रात्री स्थिर प्रकाशासाठी १० ते ३० लुमेन (एकूण प्रकाशाचं एकक, खोक्यावर छापलेलं असतं) पुष्कळ झाले. दिवसाही वापरायचा असेल तर खास दिवसासाठीचा मोड असलेला दिवा घ्या, १०० लुमेनच्या वरचा आणि झोत एकवटणारी भिंग असलेला. असा दिवा घेतला की रात्री तो कमी प्रखरतेवर आणता येतो, उलटं करता येत नाही. त्यामुळे एकच दिवा घ्यायचा असेल, तर माझं मत दिवसाच्या दिव्याच्या बाजूने आहे.

दिवसा दिवा लावायची खरंच गरज आहे का, असं विचारणाऱ्यांना मी डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराचं उदाहरण देतो. तिथे २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांचा वर्षभर अभ्यास झाला. एका गटाच्या सायकलींना पुढे-मागे चुंबकावर चालणारे दिवे लावले होते. चाक फिरतंय तोवर, दिवस असो वा रात्र, ते पेटलेलेच. दुसऱ्या गटाला असे दिवे नव्हते. दिवेवाल्या गटात, सगळ्या प्रकारचे अपघात धरून, जखमी होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं.

दुसरी पायरी: खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेले असतात ते लुमेन. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, हे लुमेन सांगतात. तो प्रकाश कुठे जातो, हे सांगत नाहीत. मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने किती तीव्रतेने जातो, ते कॅन्डेलामध्ये मोजतात. फरक किती पडतो ते पाहा. २० लुमेन प्रकाश २० अंशांच्या अरुंद शंकूत एकवटला तर तीव्रता साधारण २०० कॅन्डेला होते. तोच २० लुमेन १२० अंशांत पसरवला तर जेमतेम ६ कॅन्डेला उरतात. खोक्यावरचा आकडा दोन्हींवर एकच!

म्हणून ५० लुमेनचा नीट भिंग असलेला दिवा १५० लुमेनच्या पसरट पट्टी-दिव्यापेक्षा लांबून जास्त ठळक दिसू शकतो. पट्टी-दिवा जवळून भव्य वाटतो, फोटोत छान येतो. अंतर दुप्पट झालं की दोन्हींचा डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश चौथाई होतो, म्हणून लांबून अरुंद झोताची जास्त तीव्रताच कामी येते.

पण अरुंद झोताचीही एक अडचण आहे. तो थोडा जरी चुकीच्या दिशेला वळला, तरी चालकाला जवळपास काहीच दिसत नाही. शिवाय वळणावर, चौकात आणि बाजूने येणाऱ्या गल्लीत तो निरुपयोगी ठरतो. चांगल्या दिव्यात म्हणून दोन्ही असतं. मधे एकवटलेला झोत, आणि कडांना बाजूने प्रकाश सोडणाऱ्या पारदर्शक खिडक्या. दिवा पेटवून अगदी आडवा धरा. बाजूने पाहिल्यावरही लाल प्रकाश स्पष्ट दिसला पाहिजे.

खोक्यावर कॅन्डेलाचा किंवा झोताच्या कोनाचा उल्लेख क्वचितच असतो. जो उत्पादक तो देतो, त्याने आपलं काम समजून घेतलंय असं मी मानतो. जर्मनीत विकायच्या दिव्यांना अधिकृत मान्यता घ्यावी लागते. त्यांच्यावर नागमोडी रेघ, इंग्रजी के अक्षर आणि क्रमांक कोरलेला असतो. अशी खूण असलेल्या दिव्याचा झोत कुठे जातो हे तपासलेलं असतं. मात्र हे दिवे मुख्यतः रात्रीच्या हिशेबाने बनवलेले असतात. भर दुपारी ते लक्ष वेधून घेतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरी पायरी: स्थिर की लुकलुकता

यावर सायकलवाल्यांत कडाक्याचे वाद होतात. मला वाटतं, वाद होतात कारण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. तिथे काहीतरी आहे, हे लक्षात येणं हा एक प्रश्न. ते किती लांब आहे आणि कुठे सरकतंय, हे कळणं हा दुसरा.

पहिल्यासाठी लुकलुक उत्तम. बदलणाऱ्या प्रकाशाकडे नजर आपोआप वळते, आणि दिवसा तर स्थिर ठिपका पार्श्वभूमीत हरवून जातो. दुसऱ्यासाठी स्थिर प्रकाश हवा. अंधारात चालकाला सायकल दिसत नसते, दिसतो तो फक्त ठिपका. तो सलग पेटलेला असेल तर नजर त्याचा माग ठेवू शकते. दिवा मधेच पूर्ण विझत असेल तर प्रत्येक वेळी नजरेला तो नव्याने शोधावा लागतो, आणि दोन उजेडांच्या मधे गाडी काही मीटर पुढे आलेली असते.

यावरून माझा नियम साधा आहे. दिवसा लुकलुकता, रात्री स्थिर. रात्री लुकलुक हवीच असेल, तर असा मोड शोधा ज्यात दिवा कधीच पूर्ण विझत नाही. मंद प्रकाश सतत चालू राहतो आणि त्यावर अधूनमधून प्रखर ठोका येतो. अनेक दिव्यांत हा मोड असतो, फक्त बटण चार-पाच वेळा दाबून तो शोधावा लागतो. लुकलुक सेकंदाला एक-दोन वेळा पुरे. भरभर फडफडणारे मोड बघणाऱ्याला त्रास देतात, आणि काही अपस्माराच्या रुग्णांसाठी तर ते धोक्याचेच ठरू शकतात.

इथे कायदाही पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये सायकलवर लुकलुकत्या दिव्याला २००५ पासून परवानगी आहे, सेकंदाला एक ते चार वेळा या मर्यादेत. जर्मनीत सायकलवर लुकलुकता मागचा दिवा चालत नाही. तुम्ही जिथे सायकल चालवता तिथला नियम खरेदीच्या आधी बघून घ्या. रंगाचा मात्र वादच नाही, मागे लाल म्हणजे लालच. पांढरा, निळा किंवा रंग बदलणारा शोभेचा दिवा मागे लावला, तर तुम्ही येताय की जाताय हेच मागच्याला कळत नाही.

चौथी पायरी: बॅटरी

खोक्यावर ‘६० तास’ लिहिलेलं असतं. हे साठ तास जवळजवळ नेहमी सर्वांत मंद लुकलुक मोडचे असतात. तुम्ही जो मोड वापरणार, त्याच्यासमोरचा आकडा शोधा आणि तो तुमच्या नेहमीच्या फेरीच्या किमान दुप्पट आहे ना ते पाहा. थंडीत लिथियम बॅटरी कमी चालते आणि वर्षा-दोन वर्षांनी तिची क्षमता उतरते. दुप्पट वेळ हाताशी असला की या दोन्ही गोष्टी निभावून जातात.

दुसरी गोष्ट, बॅटरी संपत आली की दिवा काय करतो? काही दिवे हळूहळू मंद होत जातात. तुम्हाला तर तो दिसत नाही, त्यामुळे शेवटचा अर्धा तास तुम्ही निखाऱ्याएवढ्या उजेडावर चालवता आणि पत्ताच लागत नाही. बरे दिवे बॅटरी संपत येईपर्यंत प्रकाश एकसारखा ठेवतात. मग ते काही तासांसाठी कमी मोडवर उतरतात आणि एका छोट्या सूचक दिव्याने तसं सांगतात. विक्रेत्याला हे जरूर विचारा.

चार्जिंग यूएसबी-सी असेल तर सोपं. सुट्या पेन्सिल सेलवर चालणारे दिवे आता कमी झालेत, पण लांबच्या प्रवासात त्यांचा एक फायदा आहे. सेल बदलला की दिवा पुन्हा तयार. आत बंद केलेली बॅटरी म्हातारी झाली की बहुतेक वेळा अख्खा दिवाच टाकावा लागतो.

रोज, बारा महिने सायकल वापरणाऱ्याने डायनॅमो हबचाही (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) विचार करावा. पुढच्या चाकाच्या हबमध्ये ६ व्होल्ट, ३ वॅटचा जनित्र असतो आणि त्यावर पुढचा-मागचा दोन्ही दिवे चालतात. सिग्नलला थांबल्यावरही मागचा दिवा विझत नाही, कारण आत साठवलेल्या विजेवर तो काही मिनिटं पेटता राहतो. चार्जिंगची आठवण ठेवायला नको, दिवा घरी विसरायला नको. सुरुवातीचा खर्च आणि बसवण्याचा खटाटोप मात्र आहे.

पाचवी पायरी: पाणी आणि चिखल

पावसापेक्षा मोठा शत्रू म्हणजे तुमचंच मागचं चाक. ओल्या रस्त्यावर ते वाळूमिश्रित पाण्याचा फवारा थेट दिव्यावर उडवतं. दिवा पाण्याला किती टिकतो, हे आयपीएक्स या खुणेपुढचा आकडा सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांना तोंड देणारा. आयपीएक्स६ जोरदार फवाऱ्याला, आणि आयपीएक्स७ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडण्याला. आकडा मोठा म्हणजे सगळ्याच बाबतीत चांगला असं नाही, बुडवून तपासलेला दिवा फवाऱ्यासाठीही तपासलेला असतोच असं नाही. मी आयपीएक्स६ निवडेन. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का, तेवढं नखाने उघडझाप करून बघा. बहुतेक दिवे तिथूनच पाणी पितात.

सहावी पायरी: बसवणं

इथे उत्तम दिवेही वाया जातात, म्हणून इथे सावकाश वाचा.

सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसवलेली असते तो दांडा, सरळ उभा नसतो, तो मागे कललेला असतो, साधारण ७३ अंशांत. त्याच्या मागच्या अंगाला दिवा सपाट बांधला तर त्याचं तोंड १७ अंश खाली जातं. दिवा जमिनीपासून ८० सेंटीमीटर उंचीवर असेल तर झोताचा मध्य तुमच्यामागे अडीच-पावणेतीन मीटरवरच रस्त्याला टेकतो. तुम्ही डांबर उजळत चाललेले असता. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या तिरक्या नळ्यांवर दिवा बांधला तर याच्या उलट घडतं, तो आकाशाकडे बघतो. चांगल्या दिव्यांच्या पट्ट्यात किंवा बैठकीत हा कल भरून काढणारी पाचर असते, किंवा कोन बदलणारा स्क्रू तरी असतो. तो नसेल तर रबराचा तुकडा मागे घालून कोन जुळवा. अरुंद झोताच्या दिव्याला १७ अंशांची चूक म्हणजे जवळपास दिवा नसल्यासारखंच.

तपासायची सोपी पद्धत अशी. सायकल भिंतीपासून पाचेक मीटरवर, भिंतीकडे पाठ करून सरळ उभी करा, संध्याकाळी दिवा लावा. भिंतीवर उमटलेला सर्वांत प्रखर ठिपका दिव्याच्याच उंचीवर आणि बरोबर मागे पडायला हवा.

दिवा किती उंच लावावा? ब्रिटनच्या नियमांत ३५ सेंटीमीटर ते दीड मीटर अशी मर्यादा आहे, आणि ती कुठेही वापरायला चांगली आहे. सीटच्या खाली, मधोमध, ही जागा उत्तम. फक्त सीटखाली पिशवी असेल, कॅरिअरवर सामान असेल किंवा अंगावर लांब कोट असेल, तर ती जागा झाकली जाते. माझ्या बाबतीत हे घडलंय. पावसाळी जॅकेटचा मागचा पदर दिव्यावर लोंबत होता आणि मी संधिप्रकाशात तासभर तसाच चालवत राहिलो. एका थांब्यावर मागून आलेल्या सोबत्याने सांगितलं, तेव्हा पोटात गोळा आला. त्या दिवसापासून जॅकेट घातलं की सायकलवर बसून मागे हात नेतो आणि दिव्याच्या काचेला बोट लागतं का ते पाहतो. कॅरिअर वापरत असाल तर दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला स्क्रूने पक्का बसवा. तिथे तो कशानेच झाकला जात नाही.

कपड्याला किंवा पाठपिशवीला क्लिपने अडकवलेला दिवा मुख्य दिवा म्हणून वापरू नका. तुम्ही वाकलात की तो आकाशाकडे वळतो. रबरी पट्टा ताणून ओढा, दिवा हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर खड्ड्यांच्या रस्त्यावरही फिरेल.

सातवी पायरी: शंभर मीटर मागे जाऊन पाहा

दिवा बसवला की कोणाला तरी सायकल धरून उभं करा आणि शंभर मीटर मागे चालत जा, साधारण दीडशे पावलं. जागा रहदारी नसलेली असू द्या. आधी हे दिवसा करा, मग अंधारात. किंचित वाका, म्हणजे मोटारचालकाच्या डोळ्यांची उंची येईल. दोन-तीन पावलं डावीकडे-उजवीकडे सरका. प्रकाश एकदम गळाला तर झोत फार अरुंद आहे किंवा दिवा वाकडा बसलाय. दिवसा दिवा शोधून काढावा लागत असेल तर दिवसासाठी तो उपयोगाचा नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

रात्री उलट प्रश्न विचारा. दहा मीटरवरून त्याकडे पाहवतं का? डोळे दिपत असतील, पापण्या मिटत असतील, तर मोड कमी करा. दिपलेल्या चालकाला तुमच्या आसपासचं काहीच दिसत नाही, मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलस्वाराची अवस्था तर त्याहून वाईट. गटात चालवताना शेवटच्याने पुरेसा प्रखर दिवा ठेवावा, बाकीच्यांनी मंद आणि स्थिर.

जास्तीच्या सोयी, आणि दुसरा दिवा

वेग कमी झाल्याचं ओळखून जास्त प्रखर होणारे दिवे मिळतात. गटात चालवताना ते उपयोगी पडतात. रडार असलेले दिवेही आहेत. गार्मिनने २०१५ मध्ये असा दिवा बाजारात आणला, तो १४० मीटरपर्यंत मागून येणाऱ्या वाहनांची सूचना हँडलवरच्या पडद्यावर देतो. मोकळ्या, लांब रस्त्यांवर चालवणाऱ्यांना तो आवडतो, गजबजलेल्या रस्त्यावर मात्र तो सतत वाजत राहतो. पहिला दिवा घेणाऱ्याने या दोन्हींच्या मागे न लागता तेवढ्या पैशांत दुसरा साधा दिवा घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन दिवे असले की बरेच प्रश्न सुटतात. एक स्थिर, एक ठोके देणारा. एकाची बॅटरी संपली तरी दुसरा असतो. शिवाय एक सायकलवर आणि दुसरा हेल्मेटवर असेल तर उंच गाडीतल्या चालकालाही तुम्ही दिसता.

लाल रिफ्लेक्टर काढून टाकू नका. त्याला बॅटरी लागत नाही, त्यामुळे दिवा मधेच विझला तर मागच्या गाडीच्या उजेडात तोच तेवढा चमकतो. आणि घोट्याला परावर्तक पट्ट्या बांधा. १९७३ मध्ये गुनार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की सांध्यांवर लावलेले मोजके प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी माणूस क्षणात ओळखू येतो. पेडलबरोबर वर-खाली होणारे दोन चमकते घोटे पाहिले की चालकाला तो लाल ठिपका म्हणजे काय, याचा विचार करावा लागत नाही.

वापरताना

निघण्याआधी दिवा पेटवून काचेवर ओलं फडकं फिरवा, चिखलाचा पातळ थरही बराच प्रकाश खातो. चार्जिंगसाठी वार ठरवून घ्या. दिवा बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा, पूर्ण रिकामी नको. सीटची उंची बदलली, नवी पिशवी लावली किंवा दिवा काढून पुन्हा बसवला, की त्याच संध्याकाळी पुन्हा एकदा भिंतीवरचा तो ठिपका बघून घ्या.